सहा मीटरची उडी

एका गुरुवारी दुपारी आमच्या पॉजबाईंना वाटलं, की आपण शिकवलेल्या धड्यानं एका पोरीचा जीव जाणार. मी तेव्हा त्यांच्या शेजारीच उभा होतो, म्हणून ही गोष्ट सांगायचा हक्क माझा. दुसऱ्या कुणी सांगितली असती तर तिखटमीठ लावून सांगितली असती, आणि बाईंना मोजमाप चुकलेलं खपत नाही.

मी शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. काचसामान धुवायचं, फुटलेल्याची नोंद करायची, तारा गुंडाळून ठेवायच्या, आणि शाळेतल्या यच्चयावत कुलपांच्या किल्ल्या कमरेला लटकवून फिरायचं. सव्वीस वर्षं झाली. पोरं मला मामा म्हणतात, शिक्षकही मामाच म्हणतात. इतके भाचे असलेला माणूस जगात दुसरा नसेल, पण एकाही भाच्यानं आजवर परीक्षानळी न फोडता परत केलेली नाही.

पॉजबाई हे नाव अर्थात पोरांनीच ठेवलेलं. बाई विज्ञान शिकवतात ते पिक्चर दाखवून. सबंध पिक्चर नाही हं, तीन-चार मिनिटांचा तुकडा. मोटार पुलावरून उडते, हिरो आगीतून बाहेर येतो, अवकाशात यान फुटतं आणि मोठ्ठा आवाज होतो. ऐन रंगात आलं की बाई म्हणतात, ‘‘पॉज.’’ मग चाळीस पोरांचा एकच ‘‘अरेरेरे’’ होतो, आणि बाई खडू उचलतात. अवकाशात हवाच नाही, तर आवाज आला कुठून? गोळी लागलेला गुंड दहा फूट मागे उडतो, तर मग गोळी झाडणारा जागेवर कसा उभा? पोरं भांडतात, ओरडतात, वहीत आकडे मांडतात. दुसऱ्या वर्गात हीच पोरं बाकावर डोकं ठेवून झोपतात, हे मी खिडकीतून रोज बघतो.

मुख्याध्यापिकाबाईंनी सुरुवातीला विचारलं होतं, ‘‘ही शाळा आहे की थिएटर?’’ वर्षाअखेर विज्ञानाचा निकाल लागला, तेव्हापासून त्यांनी तो प्रश्न पुन्हा काढला नाही. मला मात्र पहिली दोन वर्षं बाईंचा रागच यायचा. त्या प्रोजेक्टरची ने-आण करायची मी, वायर जोडायची मी, पडदे ओढायचे मी, आणि खलनायकाचं पुढं काय झालं ते कधीच कळायचं नाही.

हे खूळ बाईंच्या डोक्यात भरलं ते लहानपणीच. त्यांचे वडील एका थिएटरात ऑपरेटर होते, म्हणजे वरच्या खोलीत बसून मशीन चालवणारे. दुपारी शाळा सुटली की बाई त्यांचा डबा घेऊन जायच्या, आणि वडील जेवेपर्यंत तिथल्या स्टुलावर बसून भिंतीतल्या चौकोनी भोकातून पिक्चर बघायच्या. जेवण व्हायला वीस मिनिटं, म्हणून पिक्चरही वीस मिनिटंच. त्यामुळे बाईंना शेकडो पिक्चरांचा मधला भाग तोंडपाठ, आणि शेवट एकाचाही माहीत नाही. वडिलांनी त्यांना एकदा फिल्मची पट्टी हातात धरायला दिली आणि म्हणाले, ‘‘हे बघ, एवढी चोवीस चित्रं सरकली की एक सेकंद होतो. एक सेकंद म्हणजे दीड फूट.’’

बाई मला म्हणाल्या होत्या, ‘‘मामा, त्या दिवशी मला पहिल्यांदा वेळ हातात धरता आला.’’ मी म्हटलं, बाई, आम्हाला तर पगाराचा दिवससुद्धा हातात धरता येत नाही. पण त्यांचं म्हणणं मला समजलं होतं.

पुढे त्यांनी शिकवायला सुरुवात केली, ती या चोवीसच्या भरवशावर. संगणकावर पिक्चर एकेक चित्र पुढे सरकवायचं, चित्रं मोजायची, चोवीसनं भागायचं, की वेळ मिळाला. हिरोची उंची माहीत असतेच, ती फूटपट्टी म्हणून वापरायची, की अंतर मिळालं. वेळ आणि अंतर हातात आलं, की मग हिरो असो की त्याचा बाप, बाईंच्या तावडीतून सुटत नाही.

घरी याची झळ पोहोचते ती त्यांच्या सासूबाईंना. म्हातारीला पिक्चरचं जबर वेड. सूनबाईंना लागणारे तुकडे शोधून देण्याचं कामही तीच करते, चष्मा लावून कागदावर लिहून ठेवते, ‘दुसरी मारामारी, ट्रक उलटतो, चाकं बघ.’ पण सून शेजारी येऊन बसली की म्हातारी रिमोट पदराखाली लपवते. एकदा मी प्रोजेक्टर पोहोचवायला त्यांच्या घरी गेलो होतो, तेव्हा आतून आवाज आला, ‘‘अगं, मरतोय ना तो? मग मरू दे की नीट! दर दोन मिनिटांनी कसला थांबवतेस त्याला?’’

तर बाईंच्या वर्गात भिंतीवर एक मोठा तक्ता आहे. एका बाजूला ‘अशक्य’, दुसऱ्या बाजूला ‘शक्य’. अकरा वर्षांत अशक्यच्या बाजूला एकशे चौदा प्रसंग जमा झाले. शक्यची बाजू कोरी. दर वर्षी नवी पोरं यायची आणि हट्टानं म्हणायची, एक तरी हिरो पास करून दाखवू. सगळे नापास.

आणि त्या आठवड्यात, मंगळवारी, नववी अ च्या वर्गात एक पास झाला.

प्रसंग असा. हिरो गच्चीवरून पळतोय, मागे गुंड. समोर दुसरी इमारत, तेवढ्याच उंचीची, मध्ये बोळ. हिरो झेप घेतो आणि पलीकडे जाऊन पडतो. बाईंनी अंतर काढलं, सहा मीटर. हवेतली चित्रं मोजली, एकोणतीस. म्हणजे साधारण एक पूर्णांक दोन सेकंद. सहा भागिले एक पूर्णांक दोन, म्हणजे सेकंदाला पाच मीटर. बाईंनी फळ्यावर पाचाला गोल केला आणि म्हणाल्या, ‘‘शंभर मीटर वीस सेकंदांत. एवढं तर तुमच्यातलं कुणीही पळेल.’’

वर्गात नुसता दंगा. बाईंनी स्वतः खुर्चीवर चढून शक्यच्या रकान्यात पहिली ओळ लिहिली. आणि मग, आनंदाच्या भरात, त्यांनी खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. ‘‘आपली जुनी इमारत आणि नवी इमारत आहे ना? त्यांच्यामध्येसुद्धा जवळपास एवढंच अंतर असेल.’’

मी दारात पडद्याची दोरी धरून उभा होतो. मीही टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू?

गुरुवारी शेवटच्या दोन तासांना बाई मोकळ्या होत्या. दुसऱ्या तुकडीला तोच प्रसंग दाखवायचा होता, म्हणून प्रयोगशाळेत बसून तो पुन्हा लावून बघत होत्या. मी मोरीत चंचुपात्रं धूत होतो. हिरोनं झेप घेतली तेव्हा त्याच्या पायाखालचं एक कौल निसटलं आणि खाली पडायला लागलं. आजवर सगळ्यांचे डोळे हिरोवर, त्या कौलाकडे बघतंय कोण? बाईंनी त्या दिवशी सहज बघितलं.

‘‘मामा, हे कौल एक मजला खाली पडतंय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘खालच्या कठड्यावर. म्हणजे तीन मीटर.’’

‘‘असेल,’’ मी म्हटलं.

त्यांनी बोटानं चित्रं मोजली. मग पुन्हा मोजली. मग कागद घेतला. ‘‘तीन मीटर पडायला एकोणीस चित्रं पुरेत. इथं अडतीस झाली.’’

‘‘मग जड नसेल कौल.’’

एरवी या वाक्यावर मला अर्ध्या तासाचं व्याख्यान मिळालं असतं. जड आणि हलकं सारख्याच वेळात पडतं हे त्या मला सव्वीसदा सांगून दमल्यात. या वेळी व्याख्यान नाही. कागदाकडे बघत राहिल्या.

‘‘हे हळू केलेलं आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘झेप भारी दिसावी म्हणून दुपटीनं हळू चालवलंय. चोवीस चित्रांचा एक सेकंद पडद्यावर असतो हो, मामा. शूटिंग करताना नसतो. बाबा पिक्चर दाखवत होते, काढत नव्हते.’’

मला अजून त्यात भिण्यासारखं काही दिसेना. पिक्चरवाल्यांनी फसवलं, ते तर त्यांचं कामच आहे.

‘‘म्हणजे तो हवेत एक पूर्णांक दोन सेकंद नव्हताच. त्याच्या निम्मा वेळ होता. शून्य पूर्णांक सहा. मग पलीकडे पोचायला सेकंदाला पाच नाही, दहा मीटरचा वेग हवा.’’ त्यांचा आवाज बारीक झाला. ‘‘दहानं जगातले मोजके लोक पळतात. पाचनं पळणारं पोर मधेच पडेल. आणि मी त्यांना मंगळवारी काय सांगितलं? आणि बोट कुठं दाखवलं?’’

तेव्हा माझ्या हातातलं चंचुपात्र मोरीत पडलं. फुटलं. नोंद केलेली नाही.

नववी अ चा तो खेळाचा तास होता. बाई जवळजवळ पळतच मैदानावर गेल्या, मी मागे. मैदानावर निम्माच वर्ग. खेळाचे सर शिट्टी गळ्यात अडकवून सावलीत बसले होते.

‘‘बाकीची पोरं कुठं आहेत?’’ बाईंनी विचारलं.

‘‘तुमच्याच कामाला गेलीत की,’’ सर म्हणाले. ‘‘माझी मोजायची टेप घेऊन गेली. दोन इमारतींमधली उडी बघायची म्हणे, बाईंनी सांगितलंय. सुसाट उडी मारणार आहे म्हणाली.’’

सुसाट म्हणजे शाळेतली सगळ्यात जोरात पळणारी पोरगी. खरं नाव हजेरीपटात आहे, पण तिला त्या नावानं हाक मारली तर ती वळूनही बघत नाही. डोळ्यात भीती म्हणून नाही. गेल्या वर्षी चेंडू अडकला म्हणून पाण्याच्या पाइपवरून दुसऱ्या मजल्यापर्यंत चढली होती, आणि मुख्याध्यापिकाबाई खालून ओरडल्यावर म्हणाली होती, ‘‘आलेच, एक मिनिट.’’

बाईंनी माझ्याकडे बघितलं. ‘‘गच्चीला कुलूप आहे ना, मामा?’’

माझा हात कमरेच्या किल्ल्यांवर गेला. बुधवारपासून पाण्याच्या टाक्या साफ करायला माणूस येत होता. त्याचं वरखाली सारखं चाललेलं, दर वेळी चार मजले चढून कोण किल्ली लावणार, म्हणून मी दार सताड उघडं ठेवलं होतं. दोन दिवस. सव्वीस वर्षं जे कुलूप मी डोळ्यांत तेल घालून सांभाळलं, ते मी गुडघे दुखतात म्हणून उघडं टाकलं होतं. मी मान हलवली, आणि बाई जिन्याकडे धावल्या.

बाईंचं वय बावन्न. एरवी दुसऱ्या मजल्यावर थांबून कठड्याला टेकतात. त्या दिवशी थांबल्या नाहीत. मी एकेका पायरीला देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही, फेडायची पंचाईत होईल. तिसऱ्या मजल्यावर बाई मागे न बघता म्हणाल्या, ‘‘मीच लिहिलं ते, मामा. खुर्चीवर चढून लिहिलं.’’ मी नुसतं ‘‘चला, चला’’ म्हणत राहिलो.

गच्चीवर कुणी नव्हतं.

टाक्या, वाळत टाकलेली दोन फडकी, टाकीवाल्याची बादली. पोर एकही नाही. कुणी नाही हे बघून माणसाला हायसं वाटावं, पण आम्हाला नाही वाटलं. वर कुणी नाही याचा एकच अर्थ आम्हाला सुचत होता. बाई कठड्यापाशी गेल्या. दोन्ही हात टेकवले आणि खाली वाकून बघितलं.

खाली बोळात पोरांचा घोळका होता. गप्प उभी होती सगळी. आणि मधोमध सुसाट आडवी पडली होती. पाठीवर, हात पसरून. हलत नव्हती.

मी त्यांचा दंड धरला, त्यांना सावरायला की मला सावरायला, ते आता सांगता येणार नाही. माझ्या मनात एकच विचार, कुलूप, कुलूप, कुलूप.

तेवढ्यात घोळक्यातली एक पोरगी खाली वाकली आणि खेकसली, ‘‘हलू नकोस गं सुसाट, खूण करू दे की! मघाशी पण तू उठलीस आणि सगळं पुसलं.’’

‘‘लवकर कर, वाळू कानात जातेय,’’ सुसाट म्हणाली.

आणि मग तिनं, पडल्या पडल्या, आमच्याकडे बघितलं. वरून बघणारी बाईंची मान तिला दिसली असणार. तिनं एक हात वर केला आणि हलवला. ‘‘बाई! तुमचं चुकलंय! दोन मीटर कमी पडतंय!’’

बाई तिथंच, गच्चीच्या फरशीवर, मटकन खाली बसल्या. आधी हसल्या, मग रडल्या, मग दोन्ही एकदम. मी टाकीवाल्याच्या बादलीतलं पाणी त्यांना द्यायला निघालो होतो, एवढं माझं डोकं ठिकाणावर होतं. माझ्या जिवात जीव आला, तो पायांत उतरेपर्यंत पाच मिनिटं गेली. मग आम्ही चारही मजले उतरलो, कठड्याला धरून, लग्नाला आलेल्या म्हाताऱ्या माणसांसारखे.

बोळात बघतो तर सगळी व्यवस्था चोख. पोरांनी आधी एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत टेप लावून अंतर घेतलं होतं. सहा मीटर आणि वर वीस सेंटिमीटर. मग बोळाच्या लांबीत तेवढ्याच अंतरावर खडूच्या दोन रेघा मारल्या, मध्ये बांधकामाची उरलेली वाळू पसरली, आणि सुसाटला लांबून पळत यायला लावलं. तीन उड्या झाल्या होत्या. जिथं टाच टेकली, तिथं प्रत्येक वेळी खूण. तीन मीटर नव्वद, चार मीटर, चार मीटर दहा. एकीच्या वहीत तारीख, वार आणि वाऱ्याची दिशासुद्धा लिहिलेली.

बाईंनी सगळ्यांकडे एकेक करून बघितलं, मोजल्यासारखं. मग विचारलं, ‘‘तुम्ही वर का नाही गेलात?’’

टेप धरलेल्या पोरीला प्रश्नच कळला नाही. ‘‘वर कशाला, बाई? अंतर वर जेवढं, तेवढंच खाली.’’

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. बावन्न वर्षांच्या विज्ञानाच्या बाई आणि सव्वीस वर्षांचा अनुभव असलेला परिचर चार मजले चढून उत्तर शोधायला गेले, आणि नववीतली पोरं तळमजल्यावर उत्तर लिहून मोकळी झाली होती. मी हे मोठ्यानं बोललोही. पोरं खिदळली. बाईसुद्धा हसल्या, आणि तिथंच, वाळूत उकिडवं बसून, बोटानं त्यांनी ते कौल काढून दाखवलं. अडतीस आणि एकोणीस. कुठं चुकलं, कसं चुकलं, सगळं. ‘‘चूक माझी आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘उद्या तक्त्यावरची ओळ मी तुमच्यासमोर खोडणार.’’

‘‘आम्हाला वाटलंच होतं काहीतरी गडबड आहे,’’ वहीवाली म्हणाली. ‘‘पण कुठं ते सापडत नव्हतं. तुम्हीच म्हणता ना बाई, मोजल्याशिवाय माझंही खरं मानू नका.’’

घंटा झाली. पोरं दप्तरं आणायला पांगली. सुसाट मात्र तिथंच उभी, केसांतली वाळू झटकत. सगळे गेल्याची खात्री झाल्यावर ती बाईंच्या जवळ आली.

‘‘बाई, रागवणार नसलात तर एक सांगू?’’

‘‘सांग.’’

‘‘मी काल वर गेले होते. एकटीच. दार उघडं होतं.’’ तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि मी जमिनीकडे बघायला लागलो. ‘‘कठड्यावर उभी पण राहिले. पाचनं पळायचं होतं ना, मी तर सहानं पळते. जमलंच असतं, असं वाटलं.’’

बाईंनी मान वर करून गच्चीच्या कठड्याकडे बघितलं.

‘‘मग म्हटलं, आधी खाली मारून बघू एकदा. जमली तर उद्या सगळ्यांना बोलावून वरून मारू.’’ ती जराशी हसली. ‘‘नाही जमली.’’

बाईंनी तिचं मनगट धरलं. ओरडल्या नाहीत, उपदेश केला नाही, जवळही ओढली नाही. नुसतं घट्ट धरून ठेवलं. शाळा रिकामी झाली, फाटकावरचा गलबला ओसरला, तरी धरलेलंच. शेवटी मीच खाकरलो आणि म्हटलं, ‘‘बाई, सोडा आता तिला. घरी वाट बघत असतील पोरीची.’’

‘‘सोडते, मामा,’’ बाई म्हणाल्या. ‘‘जरा थांबा.’’